जासुदाचा पत्ता

हरवलेली वस्तू शोधणे आणि जुना कागद शोधणे यांत मोठा फरक आहे, आणि तो माझ्या आत्याला आजवर पटलेला नाही. चष्मा हरवला तर तो कसा दिसतो, शेवटचा कुठे ठेवला होता, एवढे तरी ठाऊक असते. दप्तरखान्यात जी वस्तू शोधायची ती आपण कधी ठेवलेलीच नसते, ती कशी दिसते ते माहीत नसते आणि मुळात ती कधी होती की नाही याचाही भरवसा नसतो. तरी आत्या रोज संध्याकाळी दारातच विचारते, ‘सापडलं का गं?’ मी ‘अजून नाही’ म्हणते. मग ती समजुतीच्या सुरात म्हणते, ‘सापडेल. शांत डोक्यानं बघ. नको तिथेच असतं.’ संशोधनपद्धतीवरची जाडजूड पुस्तके मी नेमाने वाचली आहेत. त्यांत याहून कामाचे वाक्य मला भेटलेले नाही.

मी शोधते आहे ते जासूद. अठराव्या शतकात पुण्याहून दिल्लीला, दिल्लीहून नागपुराला, साताऱ्याहून कुठल्याशा छावणीला पत्रे घेऊन धावणारी माणसे. बहुधा ती जोडीने जात. एकाला वाटेत वाघाने गाठले, तापाने धरले किंवा शत्रूने पकडले तर दुसरा तरी पोचावा, असा त्यामागचा व्यवहारी आणि जरा निष्ठुर हिशेब असावा. आपल्याकडे मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः पत्रांवरून. ती पत्रे ज्यांच्या कमरेला, पागोट्यात नाही तर खलित्यात बांधलेली होती त्यांच्याविषयी मात्र पत्रे फारसे बोलत नाहीत. एवढ्या कागदांत या माणसांचा कुठे तरी पत्ता लागेल, अशा भाबड्या आशेने मी हा विषय घेतला. एका दप्तरखान्यात अर्जावर ‘विषय’ या रकान्यात ‘अठराव्या शतकातील टपाल’ असे लिहिले, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि म्हणाले, ‘टपाल? मग पोस्टात विचारा ना, मॅडम.’ मला राग आला नाही. पोस्टात चौकशी केली असती तर तिथेही कोणी तरी मला इतक्याच आपुलकीने दप्तरखान्यात पाठवले असते.

पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरात १८९१ साली बांधलेली दगडी इमारत आहे आणि तिच्यात पेशवे दफ्तर आहे. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, पागा, जमाव, प्रांत अजमास असे त्याचे विभाग आहेत. ती नावे नुसती ओळीने म्हटली तरी एखाद्या मोठ्या घरातल्या जावांची नावे घेतल्यासारखे वाटते. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आणि प्रत्येकीच्या ताब्यात वेगळे कपाट. हजारो रुमाल, त्यांत कोट्यवधी कागद. इंग्रज सरकारने बराच काळ अभ्यासकांना त्याच्या जवळपास फिरकू दिले नाही. शेवटी दार किलकिले झाले तेव्हा बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, पासष्टीला टेकलेल्या रियासतकार सरदेसायांनी त्या समुद्रात उडी घेतली आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. ज्या वयात लोक नातवंडांना बागेत नेतात, त्या वयात. त्या ४५ खंडांची रांग ग्रंथालयात पाहिली की छाती दडपते. मग कोणी तरी हळूच सांगते, की जे छापले ते मूठभर, आणि जे उरले ते अजून बांधलेलेच आहे. अशा वेळी माणसाने काय करावे? मी चहा प्यायला बाहेर गेले.

रुमाल सोडणे हा एक संस्कार आहे. मागणीची चिठ्ठी आत जाते आणि बाहेर बसून वाट पाहायची. भिंतीवरचे घड्याळ, पंख्याची कुरकुर, शेजारच्या टेबलावर भिंगातून कागद न्याहाळणारे एक वयस्क संशोधक. ते इतके निश्चल बसतात, की त्यांचीही नोंद सूचीत असावी असे वाटते. मग कापडाचे एक गाठोडे येते. त्याची गाठ शेवटी ज्याने मारली त्या माणसाची असते. कोणाची सैल, सुटायला उतावीळ, तर कोणाची अशी आवळलेली, की हा माणूस घरी लोणच्याची बरणीही कोणाला उघडू देत नसेल. आत कागदांचे लांबट, अरुंद ताव, घड्या घालून एकावर एक. कागद हाती बनवलेला, जुन्नरचा नाही तर दौलताबादचा. कसरीने मधूनमधून त्याला नाजूक खिडक्या पाडलेल्या. शाई मात्र काजळाची, त्यामुळे अजून ठणठणीत काळी. घडी उलगडली, की टेबलावर काही तरी बारीक चमचमते. ती वाळू असते. पत्र लिहून झाल्यावर ओली शाई टिपायला कारकुनाने ती चिमटीने भुरभुरलेली असते आणि घडीच्या खाचेत अडकून तिचे दोनचार कण इथवर आलेले असतात. अडीचशे वर्षे कोणी ती झटकली नाही. मी ती झटकत नाही. कागद जरासा कलता करून ती पुन्हा घडीत सरकवते आणि कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून उगीच इकडेतिकडे बघते.

मोडी शिकण्याआधी मला वाटायचे, लिपी म्हणजे वाचण्यासाठी असते. मोडी लिहिण्यासाठी असते. कारकून आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतो आणि मग त्या रेघांना अक्षरे टांगत सुटतो, बोरू शक्य तोवर न उचलता. पावसाची सर ओसरल्यावर विजेच्या तारेला थेंब लागावेत तशी ती ओळीने लोंबत असतात, एकमेकांत कधीही मिसळतील अशी. शब्द कुठे संपला ते दाखवण्याची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. त्या बाबतीत मोडी फार दयाळू आहे, शाळेत शुद्धलेखनाचे गुण कापले गेलेल्या प्रत्येकाने ती एकदा शिकावी. आम्हांला शिकवणारे सर म्हणायचे, ‘अक्षर वाचू नका, माणूस वाचा. आधी काय म्हणायचंय ते ओळखा, मग अक्षरं आपोआप कबूल होतात.’ हे शास्त्र आहे की पोलिसी खाक्या, असा प्रश्न मला पडला होता. पण त्याने काम भागते. एका कारकुनाचे वळण चार पाने वाचली, की तो ओळखीचा होतो. हा ‘ळ’ला शेपूट काढतो, हा कंटाळला की ओळ खाली झुकते, ह्याचा बोरू इथे बोथट झाला आणि पुढच्या ओळीत नवा आला. दोन ओळींमध्ये तो जेवून आला असणार, हेही कळू लागते.

तारखांची तऱ्हा आणखी न्यारी. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’. महिना मुसलमानी, म्हणजे छ १३ रबिलावल. साल शुहूर सनाचे, तेही अरबी शब्दांत: सीत खमसैन मया व अलफ, म्हणजे ११५६. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की इसवी १७५५ लागते, नाही तर सहाशे मिळवून १७५६. आणि हे अरबी नावाचे साल बदलते कधी, तर सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, जेव्हा अवघा दख्खन आभाळाकडे डोळे लावून बसतो. ब्राह्मण कारकून, अरबी आकडे, हिजरी चंद्र आणि कुणब्याचा पाऊस एकाच ओळीत गुण्यागोविंदाने बसलेले असतात आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विशेष घडते आहे असे वाटत नाही. आपल्याला जंत्री उघडून, पेन्सिलीने बेरजा करून, ओठांत पुटपुटत ती तारीख काढावी लागते. एकदा तारीख जमली, की इतका आनंद होतो, की पत्रात काय आहे हे पाहायचे भानच राहत नाही.

आणि पत्रात काय असते? मोठमोठी राजकारणे असतात, कर्जाची तोंडमिळवणी असते, चौथाईच्या हिशेबाची कटकट असते. पण ज्या गोष्टीने मला हळूहळू वेड लावले ती म्हणजे तक्रार. अठराव्या शतकातला मराठी माणूस तलवारीइतकाच रुसव्यातही पटाईत होता. बहुत दिवस पत्र येत नाही, इकडील सांभाळ नाही, तरी असे न करावे, वरचेवर कुशल लिहीत जावे. सरदार सरदाराला हे लिहितो, भाऊ भावाला लिहितो, आणि ज्याला लिहिले त्याच्या उत्तरातही नेमके हेच असते. दोघेही एकमेकांच्या पत्राची वाट पाहत बसलेले, आणि मध्ये कुठे तरी दुथडी भरलेल्या नदीच्या काठावर उताराची वाट पाहत जासुदांची जोडी बसलेली. कारकुनाला तो उशीर दिसतो; नदी दिसत नाही. नदी मला दिसू लागली ती फार नंतर. पत्रांच्या तारखा एका वहीत उतरवल्या आणि आषाढ-श्रावणात रुसवे वाढतात असे ध्यानात आले तेव्हा. याला संशोधन म्हणावे का, ते मार्गदर्शकांनी ठरवायचे आहे.

सगळ्यात प्रसिद्ध निरोप आपल्याला शाळेत असतानाच भेटतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या सुमारास, २४ जानेवारीला, एका सावकारी पत्राचा मजकूर त्यांच्या हाती पडला. मोत्यांच्या, मोहरांच्या आणि खुर्द्याच्या भाषेतला. तो मजकूर मराठी घरांत आजही तोंडपाठ असतो. मोती म्हणजे कोण आणि मोहरा म्हणजे कोण यावर वर्गावर्गांत चर्चा झडलेल्या आहेत. पण ते पत्र घेऊन जो कासीद चालला होता, दहा दिवसांत सातशे किलोमीटरांच्या आसपासची थंडी, धूळ आणि पळापळीने उसवलेला मुलूख पार करत, त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात नाही. आपल्याजवळ काय आहे हे त्याला ठाऊक होते का? एखाद्या धर्मशाळेत कोणी त्याला ‘काय बातमी?’ म्हणून विचारले असेलच. तेव्हा तो ‘सावकाराचा हिशेब आहे’ म्हणाला असेल. आणि ते खोटेही नव्हते.

मला जासूद का सापडत नाहीत याचे उत्तर दप्तरखान्यात नव्हे, मोडीच्या वर्गात सापडले. माझ्या वर्गात इतिहासाचे विद्यार्थी थोडे. बाकी निवृत्त बँक अधिकारी, दोन वकील, एक किराणा दुकानदार आणि शेतीचा वाद चालू असलेली तालेवार मंडळी. पहिल्या दिवशी प्रत्येकाने ‘मोडी का शिकायची’ हे सांगितले. ‘संस्कृतीची ओढ’ असे मी म्हणाले. माझ्या शेजारचे गृहस्थ स्वच्छ म्हणाले, ‘चुलत्यानं बांध सरकवलाय. पणजोबांचा कागद आहे, पण वाचता येत नाही.’ सरांनी त्यांच्याकडे जास्त आदराने पाहिले, असे मला वाटले. पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्यांची अशी काही टंचाई जाणवू लागली, की आमच्या सरांचा फोन दिवसभर वाजू लागला. ज्या लिपीला कोणी विचारत नव्हते तिला गाडी पाठवून बोलावणे येऊ लागले.

म्हणजे कागद शोधला जातो तो हक्कासाठी. आणि जपला गेला तोही हक्कासाठीच. इतिहासाच्या प्रेमाने कागद जपणारी घरे असतीलही. पण जे पेटारे आजवर टिकले त्यांतले बहुतेक भाऊबंदकीने टिकवलेले आहेत. वतन कोणाचे, इनाम कोणी दिले, पाटीलकीचा मान थोरल्याचा की धाकट्याचा, होळीची पोळी आधी कोणाची. १८५२ साली इंग्रजांनी इनाम कमिशन बसवले आणि ज्याच्याजवळ सनद नाही त्याची जमीन जाणार असा धाक घातला, तेव्हा तर माणसांनी दागिन्यांच्या आधी कागद लपवले. पेशवे दफ्तराची निगा सरकारने ठेवली तीही तेवढ्यासाठीच: सारामाफीचे दावे खरे की खोटे ते ताडून पाहायला. आज आम्ही डोळे मिटून ज्याला ‘ऐतिहासिक वारसा’ म्हणतो तो मुळात कोर्टाचा पुरावा होता. भांडणाऱ्या चुलत्यांनो, तुमचे अनंत उपकार आहेत. तुम्ही एकमेकांवर विश्वास ठेवला असता तर मराठ्यांचा इतिहास चार पानांत आटोपला असता.

जासुदाजवळ भांडण्याजोगे काही नव्हते. बांध नव्हता, सनद नव्हती, मान नव्हता. कागद त्याच्याजवळ रोज असायचा. पण तो दुसऱ्याचा. पोचवला, की संपले. म्हणून तो सापडत नाही. हे इतके सोपे कारण उमगल्यावर मी थोडा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते.

तरी धीर सुटत नाही, याचे कारण आपल्याकडची जुनी शोधकरी मंडळी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी भटकत, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करत, आणि कोणाकडे रद्दी निघाली असा वास आला की तिथे पोचत. वाईत त्यांना जुन्या कागदांत पानिपताच्या काळची पत्रे मिळाली आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण २२ झाले. माणूस विलक्षण तापट. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ मेहेंदळ्यांच्या सोबतीने काढले आणि पुढे भांडून तेही सोडले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले. तिकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते. साताऱ्याचे पारसनीस मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यातून दप्तर मिळवून आले. ते आज पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. या तिघांच्या स्वभावांचे कोष्टक मांडले तर एक रागावून, एक घासून आणि एक गोड बोलून कागद मिळवणारा, असे काहीसे निघेल. मी तिसऱ्या मार्गाची आहे, पण माझ्या बोलण्यात पारसनीसांची साखर नाही.

कागदांच्या नशिबाचेही नवल वाटते. १६८९ मध्ये रायगड पडला आणि तिथले दप्तर राहिले नाही. म्हणून शिवकाळाचा एकेक कागद आपण देव्हाऱ्यातल्या टाकासारखा मोजतो. उलट गोव्यात ज्या पाद्र्यांच्या राज्यात देशी पोथ्यांवर संक्रांत होती, त्यांच्यातल्याच काहींनी भाषा शिकायची म्हणून रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्या सोळाव्या शतकातल्या मराठी-कोकणी वह्या पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात सुखरूप बसून आहेत. तंजावरच्या सरफोजीराजांनी तर कसरीचा प्रश्नच निकालात काढला: भोसले घराण्याची हकिकत १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या दगडी भिंतीवर मराठीत कोरून टाकली. त्या भिंतीवर मात्र जासुदांसाठी जागा उरली नसणार.

गेल्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका गावी एका वाड्यात पेटारा आहे असे कळले. वाडा म्हणजे अर्धा पडलेला, उरलेल्या अर्ध्यात काका-काकू आणि एक भला मोठा झोपाळा. पूर्वज कोण्या सरदाराकडे कारकुनीला होते. काकांनी पेटारा ओसरीवर ओढून आणला. आत वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाचा चुरा झालेला पाला आणि एका विटक्या लुगड्यात बांधलेले कागद. ‘वाचा,’ काका समोर बसून म्हणाले, ‘आमच्या मळ्याचं काही निघतंय का बघा.’ मी एकेक घडी उलगडत गेले. हिशेब, हिशेब, बाजारहाटाची यादी, एका पत्राच्या पाठीवर ज्वारीच्या पायल्यांची बेरीज. हातचा धरायचा राहिलेली. मग एक पत्र निघाले, थोरल्या भावाने छावणीतून धाकट्याला लिहिलेले. मी मोठ्याने वाचू लागले. मातुश्रींस ज्वर येतो म्हणून लिहिलेत, त्यावरून चित्तास घोर लागला आहे. औषध कोणाचे, उतार पडला किंवा काय, सविस्तर लिहून पाठवणे. शेवटी होते, की जासुदांची जोडी पाठवली आहे, तिच्या हाती उत्तर सत्वर रवाना करावे.

‘मळा?’ काकांनी विचारले.

‘मळा नाही यात.’

काका काही वेळ झोपाळ्याच्या कडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मग बरं वाटलं का त्यांना?’

‘कोणाला?’

‘मातुश्रींना हो.’

पुढचे पत्र या पेटाऱ्यात नसणार, ते गेले असेल तर छावणीकडे गेले असेल, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते पटले आणि पटले नाही. उरलेला पेटारा त्यांनी माझ्याबरोबर तळापर्यंत उपसला, मळ्यासाठी नव्हे. ऊन कलले तरी मातुश्रींचे काही कळले नाही. स्वयंपाकघराच्या दारातून काकू हे सगळे ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि माझ्यापुढे लाह्यांची वाटी ठेवत म्हणाल्या, ‘उत्तर मिळेस्तोवर ते दोघं इथंच बसले असतील ना? याच ओसरीवर? जेवायला घातलंच असेल म्हणा.’ माझ्या टिपणवहीत त्या जोडीचे नाव नाही, गाव नाही, मिळालेले पैसे नाहीत. जेवले असतील एवढीच नोंद आहे, आणि तिला आधार काकूंचा. प्रबंधात असा आधार चालत नाही. मी तो खोडलेला नाही.

आता दप्तरखान्यात मी रोजकीर्द मागवते. ती दिवसाच्या जमाखर्चाची वही; राज्य कसे चालले ते तिथे कळत नाही, पैसे कसे गेले ते कळते. दानधर्म, वैरण, तेलवात, आणि मधूनच ‘जासूद’ असा शब्द आणि पुढे पोटासाठी दिलेली रक्कम. कधी एकशब्दी नाव, कधी तेही नाही. अशी नोंद लागली, की मी ती पेन्सिलीने उतरवते आणि शेजारच्या वयस्क संशोधकांकडे बघून हसते. तेही भिंग न हलवता हसतात. घरी आत्या दारातच असते. ‘सापडलं का गं?’ ‘एक सापडला,’ मी म्हणते. ‘कोण?’ ‘माहीत नाही.’ यावर ती जे बोलते ते इथे छापण्यासारखे नाही.

तर वाचकहो, एक मागणे आहे. घराच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात किंवा पडवीतल्या पेटीत मोडी कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात वाळत टाकू नका, फाटले असतील तर चिकटपट्टी लावू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. साध्या धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा. मोबाइलवर स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि जवळच्या पुराभिलेखागाराला, इतिहास मंडळाला किंवा मोडी जाणणाऱ्या कोणालाही दाखवा. मळा निघाला तर तो तुमचा. जासूद निघाला तर मला कळवा.